मुलीचं नाव शिरीन ठेवायचंय

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

'ताई, मला सात आठवड्यांची मुलगी आहे. बारसं नावावरून अडलंय. पुण्यात शिकत असताना वसतिगृहात माझ्या खोलीत एक इराणी मुलगी होती, शिरीन. तिच्या घरची बेकरी आहे. चार वर्षांपूर्वी माझं पहिलं बाळ सातव्या महिन्यात गेलं, तेव्हा ती हातातलं काम टाकून तीन आठवडे माझ्यापाशी राहिली. त्या दिवसांत मी जे काही जेवले ते तिच्या हातून. तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, मुलगी झाली की शिरीन. आता सासूबाई म्हणतात, मुसलमानी नाव आपल्या घरात नको. उद्या शाळेत, भाड्याचं घर शोधताना पोरीला त्रास होईल. नवऱ्याला नाव आवडलं होतं, पण त्याने शिरीन-फरहादची गोष्ट वाचली आणि शेवटी शिरीन जीव देते म्हटल्यावर तोही कचरला. नणंद म्हणते, मुलं शिरा म्हणून चिडवतील. अर्थही धड कळेना. कुणी सांगतं गोड, कुणी सांगतं सिंहीण. मी हट्ट करतेय का? – एक आई, सातारा'

प्रिय लेकी,

तू हट्ट करत नाहीस. हे आधी सांगते, कारण तुझ्या पत्रातला तो शेवटचा प्रश्नच मला सगळ्यात जास्त लागला. ज्या बाईने आपल्याला वाईट दिवसांत घास भरवला, तिचं नाव लेकीला द्यावंसं वाटणं यात हट्ट कसला? आजीचं नाव नातीला देतात ते तरी दुसऱ्या कशासाठी?

पण घरातल्या तिघांच्या शंका तीन वेगळ्या आहेत आणि तिन्हींना एकच उत्तर चालणार नाही. शिवाय तुला स्वतःला अर्थ नीट ठाऊक नसेल, तर तू समोरच्याला काय सांगणार? म्हणून सुरुवात अर्थापासून करू.

शिरीन म्हणजे गोड. फारसीत हा आजही रोजच्या बोलण्यातला शब्द आहे. चहा गोड झाला तर शीरीन, टरबूज गोड निघालं तर शीरीन. गोड बोलणारी बाई शीरीन-जबान. प्रत्येकाला आपला जीव प्यारा असतो, तो जान-ए-शीरीन. आपल्याकडे मधुरा नावाच्या मुलीला कुणी अर्थ विचारत नाही, तसा इराणात शिरीनला कुणी विचारत नाही.

आता या शब्दाच्या आत डोकावून बघ. फारसीत 'शीर' म्हणजे दूध. त्यावरून जुन्या, इस्लामपूर्व फारसीत 'शीरेन' झालं. मूळ अर्थ दुधाचं, दुधासारखं, आणि त्यावरून गोड. आणि हा 'शीर' आपल्या 'क्षीर'चा सख्खा भाऊ आहे. संस्कृत आणि जुन्या इराणी भाषा एकाच घरातून निघाल्या. तिकडे सुरुवातीचा 'क्ष' घासून 'श' झाला, इकडे प्राकृतातून येता येता 'ख' झाला. क्षीरची आपल्याकडे खीर झाली. म्हणजे शिरीन आणि खीर दूरच्या बहिणी लागतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी होते, आणि समोरच्या पातेल्याकडे बराच वेळ बघत राहिले होते.

सिंहिणीचा घोळ कुठून आला तेही सांगते. फारसी लिपीत दूध आणि सिंह हे दोन्ही शब्द एकसारखेच लिहितात, आणि आजच्या इराणात दोन्हींचा उच्चारही एकच, 'शीर'. पूर्वी तसं नव्हतं. दूध ते शीर आणि सिंह तो शेर, असे दोन वेगळे उच्चार होते. इराणात पुढे ते मिसळले. आपल्या देशात मात्र फारसी जुन्या वळणाने आली आणि तशीच राहिली. म्हणून आपण शेरखान म्हणतो आणि ईदेला शीरखुर्मा खातो, त्यात आपला कधी गोंधळ होत नाही. शिरीन ही दुधाच्या शीरची लेक आहे. तिचा सिंहाशी संबंध नाही.

चिडवण्याचंही याच ओघात संपवू. नणंदेचं म्हणणं अगदी खरं आहे, मुलं शिरा म्हणतीलच. 'शिरा' हा शब्दही फारसी 'शीरा'वरून आला, म्हणजे पाक, गोड रस. शाळेत चिडवलं जाण्यातून कुठलं नाव सुटलंय? त्यातल्या त्यात ज्याच्यावर तूप सोडतात आणि जे सत्यनारायणाला प्रसाद म्हणून वाटतात, ते नाव वाट्याला आलं तर पोरगी ते हसत झेलेल. आणि एक लक्षात ठेव, तुझी नणंद म्हणजे बाळाची आत्या. बारशाला बाळाच्या कानात कुर्र करून नाव सांगायचा मान तिचा आहे. तिला आत्ताच आपल्या बाजूला घे.

सासूबाईंशी बोलायला मात्र तुला या नावाच्या एका धाकट्या बहिणीची मदत होईल, तिचं नाव शिरणी. काही घरांत शेरणी म्हणतात. माझं आजोळ मिरजेचं. आजी मीरासाहेबांच्या दर्ग्याला नवस बोलायची आणि तो फिटला की 'शेरणी वाटायची आहे' म्हणून आम्हा पोरांना हाक मारायची. खडीसाखर, बत्तासे, कधी पेढे. शेजारच्या सगळ्या घरांत द्यायची, त्यात जात-पात बघायची नाही, हा तिचा दंडक. फारसीत गोड पदार्थाला म्हणतात 'शीरीनी', आणि आपली शिरणी त्याच शब्दाचं मराठी रूप आहे. कित्येक पिढ्या नवस फेडणाऱ्या मराठी बायकांच्या तोंडात ती होती. सासूबाईंना सरळ विचार, तुमच्या लहानपणी घरी शिरणी वाटायचे का? साताऱ्याच्या बाजूच्या असतील तर बहुतेक हो म्हणतील.

इराणात आजही आनंदाची बातमी कळली की लोक म्हणतात, शीरीनी कुठाय? आपण 'पेढे कुठायत' म्हणतो तसंच. आणि लग्न ठरल्यावर दोन्ही घरांनी मिळून गोड खायचा जो समारंभ होतो त्याला म्हणतात शीरीनी-खोरान, म्हणजे गोड खाणं. आपला साखरपुडा आणखी काय असतो? हजारो मैलांवरच्या दोन समाजांनी लग्नाच्या बोलीवर शिक्कामोर्तब करायला गोडाचीच निवड केली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आता जिच्यामुळे हे नाव जगभर गेलं तिच्याकडे येऊ. ती खरोखरची राणी होती. इराणच्या सासानी घराण्याचा राजा खुसरो दुसरा, ज्याला खुसरो परवीज म्हणतात, त्याची ती राणी. 590 मध्ये सेनापती बहराम चोबीनने बंड केलं तेव्हा खुसरोला पळून रोमच्या, म्हणजे बायझंटाइन बादशहाच्या आश्रयाला जावं लागलं. पुढच्याच वर्षी त्या बादशहाच्या फौजेच्या बळावर त्याने गादी परत मिळवली. शिरीन त्याच सुमाराला इतिहासात दिसू लागते. खुसरो जरथुष्ट्री, म्हणजे पारश्यांच्या धर्माचा, आणि शिरीन ख्रिस्ती. आजच्या सीरियात रुसाफा इथे सर्जियस नावाच्या ख्रिस्ती संताचं ठाणं होतं. शिरीनला मूल व्हावं म्हणून खुसरोने त्या संताला नवस केला, आणि तिला दिवस गेल्यावर तिथे भेटी पाठवल्या. सोबत पत्र पाठवलं. ते बायझंटाइन इतिहासकाराने आपल्या ग्रंथात उतरवून घेतल्यामुळे आज वाचता येतं. त्यात राजा लिहितो की, आमच्या कायद्याप्रमाणे ख्रिस्ती बायको करता येत नाही, पण मी तो कायदा बाजूला ठेवला.

हे वाचताना मला तुझी आठवण झाली. चौदाशे वर्षांपूर्वी याच नावाच्या बाईसाठी घरचा नियम मोडावा की नाही हा प्रश्न उभा राहिला होता, आणि तिच्या पोटी मूल यावं म्हणून परधर्माच्या दारात नवस बोलला गेला होता.

कागदावरचा हिशेब म्हणशील तर तो असा: शिरीन राणी झाली त्या वेळी इस्लामची सुरुवातही झाली नव्हती. शेवटचा सासानी राजा मारला गेला 651 मध्ये, म्हणजे शिरीननंतर. नाव जुनं आहे, इराणचं आहे.

आता तुला वाटेल, सापडलं उत्तर! सासूबाईंना सांगते की हे मुसलमानी नावच नाही, पारशी-इराणी आहे, मिटलं. थांब. मी तुला तेच सांगू नकोस म्हणणार आहे. 'हे मुसलमानी नाव नाही, म्हणून चालेल' असं एकदा म्हटलंस, की 'मुसलमानी असतं तर चाललं नसतं' हे तू घरात कबूल केलंस. उद्या तुझ्या लेकीच्या वर्गात दुसरी एखादी शिरीन असेल, मुसलमान घरातली. तिच्याबद्दल तुझी लेक घरातून काय शिकून गेलेली असेल? शिवाय ते पूर्ण खरंही नाही. गेली हजारभर वर्षं हे नाव मुसलमान बायकांनी सांभाळलंय, वाढवलंय. त्यांचा त्यावरचा हक्क कमी कसा धरायचा?

खरं सांगायचं तर या नावाने कधी एका धर्माशी लग्न लावलंच नाही. पहिली प्रसिद्ध शिरीन ख्रिस्ती. तिची गोष्ट अजरामर केली ती मुसलमान कवींनी. जरथुष्ट्री घरांत हे नाव इतकं रुजलं की आपल्या पुण्यात 1894 मध्ये जन्मलेल्या मेहेरबाबांच्या आईचं नाव शिरीनच होतं. आई-वडील दोघेही इराणी जरथुष्ट्री. नगरजवळच्या मेहेराबादला अमरतिथीला, म्हणजे बाबांच्या पुण्यतिथीला, लोटणाऱ्या माणसांत मराठी घरं किती असतात ते सासूबाईंनाही माहीत असेल. 2003 चं शांततेचं नोबेल मिळालेल्या शिरीन एबादी इराणच्या, मुसलमान. 1979 च्या क्रांतीआधी त्या तेहरानमध्ये न्यायाधीश होत्या. क्रांतीनंतर बायकांनी न्यायाधीश व्हायचं नाही असं ठरलं आणि त्यांना खाली बसवून कारकुनी दिली. पुढे वकिलीची सनद मिळायला 1992 उजाडलं, आणि मग त्या मुलांच्या आणि बायकांच्या हक्कांसाठी लढत राहिल्या. 2022 मध्ये वार्तांकन करताना गोळी लागून मारल्या गेलेल्या पॅलेस्टिनी पत्रकार शिरीन अबू अक्लेह ख्रिस्ती होत्या. तुर्कस्तानात 'शिरीन' म्हणजे गोजिरं, लाघवी. कुर्दांमध्येही हे नाव घरोघरी. एवढ्या सगळ्यांचं असलेलं नाव साताऱ्याच्या एका पाळण्यात आलं तर त्यात उपरं काय आहे?

तुझं आडनाव मी छापत नाही, पण त्याच्या शेवटी 'नीस' आहे. चिटणीस, फडणीस, पोतनीस, पारसनीस, या सगळ्यांतला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. सासूबाईंनी लग्नापासून हा फारसी शब्द आपल्या नावापुढे लावला आहे, अभिमानाने लावला आहे, आणि तो अभिमान रास्त आहे. त्यांच्या पूर्वजांनी लेखणीवर मिळवलेलं नाव आहे ते. नातीच्या नावात आणि आडनावात फारसी दोन्हीकडे असेल, एवढंच. पण हे बोलताना त्यांना कोंडीत पकडल्यासारखं करू नकोस. जेवताना, सगळ्यांसमोर तर मुळीच नको. दुपारी बाळाला मालिश करताना दोघीच असाल तेव्हा सांग.

त्यांची दुसरी भीती मात्र खोटी नाही, तिला उडवून लावू नकोस. नावावरून घर नाकारलं जातं, प्रवेशाच्या रांगेत भुवया उंचावतात, हे आपल्या आसपास घडतं. सासूबाईंना लोक कळतात, म्हणून त्या घाबरतात. तुझ्या मुलीच्या बाबतीत नाव-आडनाव एकत्र वाचल्यावर बहुतेक जण 'आई पारशी का?' एवढं विचारतील आणि पुढे जातील. कधी कुणी त्याहून वाईटही बोलेल. त्यासाठी मुलीला तिच्या नावाची पूर्ण गोष्ट लहानपणापासून माहीत हवी. आपलं नाव कुणावरून ठेवलं, त्या बाईने आईसाठी काय केलं, हे ज्या मुलीला ठाऊक असतं ती अशा प्रश्नाला खाली मान घालून उत्तर देत नाही.

आता जावईबापूंची शंका. मला ती आवडली, कारण त्यांनी गोष्ट वाचण्याचे कष्ट घेतले. पण बहुतेक त्यांनी फरहादची गोष्ट वाचली, शिरीनची वाचली नाही.

फिरदौसी कवीच्या शाहनामा या फारसी महाकाव्यात, जे 1010 मध्ये पुरं झालं, शिरीन आहेच. पण तिला खरं मोठं केलं ते गंजा गावच्या निजामी कवीने, 1180 च्या आसपास. गंजा आज अझरबैजानात आहे. निजामीच्या काव्यात शिरीन ही आर्मेनियाच्या राणीची, महीनबानूची भाची. शापूर नावाचा चित्रकार तिला खुसरोचं चित्र दाखवतो आणि ती शब्दीज नावाच्या काळ्या घोड्यावर बसून एकटी निघते. खुसरो तिकडून तिच्या शोधात निघालेला. वाटेत ती एका झऱ्यावर न्हात असताना दोघं एकमेकांना बघतात, आणि न ओळखताच पुढे जातात. इराणी आणि मुघल चित्रकारांनी हा प्रसंग पुन्हा पुन्हा रंगवला आहे.

पण मला ती आवडते ती त्याच्या पुढच्या गोष्टीसाठी. खुसरो तिच्यावर जीव टाकतो, पण लग्नाची गोष्ट काढत नाही. ती सांगते, लग्न केल्याशिवाय नाही, आणि आधी तुझं गेलेलं राज्य मिळव. तो राज्य मिळवतो, पण रोमच्या बादशहाच्या मुलीशी, मरियमशी लग्न करून बसतो. मरियम गेल्यावरही सरळ येत नाही. इस्फहानच्या एका शकर नावाच्या सुंदरीकडे जातो. शकर म्हणजे साखर, हा शब्द आपल्याच शर्करेवरून तिकडे गेलेला. साखर मिळवूनही त्याला शिरीनची गोडी विसरता येत नाही, असा तो सगळा शब्दांचा खेळ आहे. शेवटी हिमवर्षावात तो तिच्या महालाखाली येऊन उभा राहतो तेव्हा शिरीन दार उघडत नाही. वरूनच त्याच्याशी बोलते, लांबलचक बोलते, आणि त्याच्या एकेका वागणुकीचा हिशेब मागते. बाराव्या शतकातला कवी एका बाईच्या तोंडी हे घालतो, आणि बाजूही तिचीच घेतो. महीनबानूनंतर ती स्वतः राज्य करते तेव्हा तिच्या राज्यात जुलूम राहिला नाही असं निजामी लिहितो. अखेर खुसरोला रीतसर लग्न करावं लागतं.

निजामीची स्वतःची बायको आफाक, दरबंदच्या अमिराने त्याच्याकडे भेट म्हणून पाठवलेली किपचाक या तुर्की टोळीतली दासी. त्याने तिच्याशी लग्न केलं, आणि ती तरुणपणीच गेली. काव्याच्या शेवटी शिरीनचा मृत्यू लिहून झाल्यावर तो मध्येच आपलं दुःख बोलून जातो, की माझी आफाकही अशीच होती. म्हणजे त्याने शिरीन लिहिली ती आपल्या गेलेल्या माणसाला समोर बसवून. तूही काहीसं तेच करते आहेस, फक्त तुझं माणूस सुदैवाने हयात आहे.

फरहाद आता. तो पाथरवट, शिरीनवर जीव जडलेला. शिरीनला ताजं दूध हवं असतं आणि कळपांचं कुरण तिच्या महालापासून लांब, डोंगरापलीकडे. फरहाद कातळ कोरून कुरणापासून महालापर्यंत चर काढतो आणि दूध थेट तिच्या दारातल्या हौदात येऊन पडतं. दुधाचा ओढा! जिच्या नावातच दूध आहे तिच्यासाठी. अशक्यप्राय कामाला उर्दू शायरीत आजही 'जू-ए-शीर आणणं' म्हणतात, तुझ्या घरी कुणी गझल ऐकत असेल तर त्यांना हे ठाऊक असेल. पुढे खुसरो त्याला बिस्तूनच्या डोंगरातून रस्ता फोडायला सांगतो, आणि तो फोडत आणतो म्हटल्यावर शिरीन मेल्याची खोटी बातमी पाठवतो. फरहाद तिथेच जीव सोडतो. केरमानशाहजवळ तो डोंगर आजही आहे. त्याच्या कड्यावर एक प्रचंड मोठा ताशीव, कोरा पृष्ठभाग आहे, लोक त्याला 'फरहाद-तराश' म्हणतात, फरहादने तासलेला. खरं तर सासानी काळात सुरू होऊन अर्धवट राहिलेलं काम असावं असं अभ्यासक मानतात. त्याच डोंगरावर दारयवहू राजाचा तीन भाषांतला शिलालेख आहे, जवळपास अडीच हजार वर्षांपूर्वीचा. तिथून पश्चिमेला, इराकच्या सीमेवर, कस्र-ए-शिरीन नावाचं गावच आहे, शिरीनचा महाल. 1639 मध्ये इराण आणि तुर्कांच्या सीमेचा तह झाला तो या गावाच्याही नावाने ओळखतात. 1980 नंतरच्या इराण-इराक युद्धात ते गाव जवळजवळ भुईसपाट झालं, आणि लोकांनी ते पुन्हा उभं केलं.

शेवट दुःखाचा आहे हे खरं. 628 मध्ये खुसरोच्याच मुलाने, शीरूयेने, बापाला कैद करून मारवलं. इतिहास इतकं सांगतो. काव्यात पुढे तो शिरीनला मागणी घालतो, ती होकार देते, आणि खुसरोला निरोप द्यायला म्हणून थडग्यात जाऊन दार आतून लावून घेते. मी हे गोड करून सांगणार नाही. पण जावईबापूंना एवढं विचार: आपल्याकडे अहिल्या नाव ऐकल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर काय येतं? गोष्टीतली अहिल्या शिळा होऊन पडली होती. तरी चौंडीच्या शिंद्यांनी लेकीचं नाव तेच ठेवलं, आणि आज महाराष्ट्रात अहिल्या म्हटलं की शिळा आठवत नाही, महेश्वरचा घाट आठवतो. सीता, शकुंतला, दमयंती, यांतल्या कुणाची गोष्ट सुखाची आहे? नाव ठेवताना आपण त्या बाईचं धैर्य घेतो, तिची कुंडली घेत नाही. आणि तुझ्या लेकीचं नाव मुळात त्या राणीवरून नाहीच. ते बेकरीवाल्यांच्या शिरीनवरून आहे, आणि ती तर चांगली धडधाकट आहे.

व्यवहाराचं दोन-चार वाक्यांत सांगते. जन्माची नोंद 21 दिवसांत होते, ती तुम्ही केली असेलच. त्यात नाव घातलं नसेल तर घाबरू नकोस. नोंदीपासून 12 महिन्यांपर्यंत नाव बिनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. म्हणजे चार दिवस घाईने भांडण्यापेक्षा महिनाभर शांतपणे बोललात तरी चालेल. मराठीत 'शिरीन' असंच लिही, पहिली ऱ्हस्व आणि दुसरी दीर्घ. फारसीत दोन्ही दीर्घ आहेत, पण आपल्या शुद्धलेखनात शेवटून दुसरं अक्षर दीर्घ आणि त्याआधीचं ऱ्हस्व, जसं जमीन आणि शरीर लिहितो, तसं ते सहज बसतं. इंग्रजी स्पेलिंग दोन-तीन तऱ्हांनी होतं. मैत्रीण लिहिते तेच घे आणि आधार, लसीकरणाचं कार्ड, पासपोर्ट, सगळीकडे तेच ठेव. पत्रिकेतलं नाव सासूबाईंनी ठरवू दे, नक्षत्रावरून येईल ते. तो त्यांचा हक्क आहे, आणि पूजेत, संकल्पात ते नाव घेतलं जाईल. मात्र घरात हाक मारायला दोन नावांची ओढाताण नको. ते तुम्ही दोघं नवरा-बायको एकत्र बसून, दोघांच्या तोंडून सांगा. एकटी सून सांगते आणि मुलगा गप्प बसतो, असं होऊ देऊ नकोस.

एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही. शिरीनला तू हे सांगितलं आहेस का? बहुधा नाही, बारशाला चकित करायचं असेल. तसं करू नकोस. आपलं नाव कुणाच्या तरी बाळाला लागणार हे माणसाला आधी कळायला हवं, आणि 'चालेल ना?' असं विचारलं जायला हवं. तिच्या आईलाही विचार, त्यांच्या घरात हे नाव कुणावरून आलं. बेकरी चालवणाऱ्या इराण्यांच्या कितीतरी घरांचे पूर्वज यज्द आणि केरमानकडून आले; तिच्या घरातही बहुधा तिकडची एखादी शिरीन असेल, आणि तुझ्या लेकीला तिची गोष्ट सांगायला मिळेल.

आणि सातव्या महिन्यात जे बाळ गेलं, त्याच्याबद्दल तू एकच ओळ लिहिलीस. शिरीनशी बोलशील तेव्हा त्याच्याबद्दलही बोल. तेव्हा तुझ्याजवळ तीच होती.

बारशाला शिरणी वाट, पेढ्यांसोबत थोडी खडीसाखर ठेव. नणंद कानात नाव सांगेल. सासूबाई पाळण्याच्या एका बाजूला उभ्या राहतील, दुसऱ्या बाजूची दोरी शिरीनच्या हातात दे.

तुझी,
ताई